आमची वाटचाल आणि सतरा नंबरचा रेफरन्स

"तुम्ही नेमकं काय करता?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, मेडिकल जर्नलला जाणाऱ्या पेपरांचे रेफरन्स, म्हणजे मजकुरातले आकडे आणि शेवटची संदर्भसूची, लावून देतो. समोरचा "अच्छा, टायपिंग" म्हणतो आणि विषय बदलतो. पूर्वी राग यायचा. आताही येतो.

सुरुवात दोघांची, मी आणि काका. काकांची नोकरी वैद्यकीय ग्रंथालयात झालेली. इंडेक्स मेडिकस या वैद्यकीय लेखांच्या छापील सूचीचे जाडजूड खंड त्यांनी इतके हाताळले होते की जर्नलचं संक्षिप्त नाव त्यांना कधी शोधावं लागलं नाही. 'लॅन्सेट' एका शब्दाचं, म्हणून तसंच ठेवायचं. 'एन इंग्ल जे मेड' (न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन) लिहिताना मध्ये टिंबं द्यायची नाहीत. हे मला पहिल्या आठवड्यात पाठ करावं लागलं. काकांकडे एक लाकडी फूटपट्टी होती. ती ओळीखाली धरून ते सूची शेवटून पहिल्याकडे वाचायचे. वरून खाली वाचलं की माणूस विषयात रमतो आणि अर्धविराम निसटतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे रेफरन्स आपोआप लावणारं एन्डनोट आलं, झोटेरो आलं, पण पट्टी टेबलावरून हलली नाही. सॉफ्टवेअरला अक्कल नसते, तुम्ही भराल तेच ते ओकतं. जागतिक आरोग्य संघटनेचं नाव लेखकाच्या रकान्यात भरताना शेवटी स्वल्पविराम द्यायला विसरा, एन्डनोट तिला माणूस समजून 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' असं आडनाव-आद्याक्षरं करून मोकळं होतं. असे 'डब्ल्यूएच' मी छापील जर्नलात पाहिलेत.

१९७८ साली काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि पुढच्या वर्षी त्यांचे नियम छापून आले. हेतू हा की लेखकांना सगळीकडे एकच पद्धत चालावी. एकच! एका जर्नलला सहा लेखकांनंतर 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर') हवं, दुसरा सहापेक्षा जास्त झाले की तिघांवरच थांबवतो. एकाला पानं २८४-७ हवीत, दुसऱ्याला २८४-२८७. आमचं पोट त्या 'एकच'वर चालतं.

मधली सहा-सात वर्षं चांगली गेली. दोनाचे पाच जण झालो. त्यापलीकडे त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग तो रिव्ह्यू आर्टिकल (आधीच्या संशोधनाचा आढावा) आला. ९२ रेफरन्स. जर्नलला फील्ड कोड (आकडे सूचीशी जोडून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या छुप्या खुणा) नसलेली फाइल हवी होती, म्हणून आम्ही शेवटी सगळं प्लेन टेक्स्ट, म्हणजे साधा मजकूर, केलं. इथपर्यंत रीतसर. पण सूची नीट एका रेषेत दिसावी म्हणून मी तिचे हातचे आकडे काढून वर्डचे ऑटोमॅटिक नंबर दिले. ती हौस माझी, काका नको म्हणत होते.

फाइल पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी एका सहलेखकाला रात्री एक नवा पेपर आठवला. त्याने प्रस्तावनेत एक वाक्य घातलं, त्यावर हाताने १७ टाकला आणि सूचीत सोळाच्या खाली तो पेपर चिकटवला. सूचीने आपसूक पुढचं सगळं एकेक घर खाली ढकललं आणि ९२ चे ९३ झाले. मजकुरातले आकडे मात्र प्लेन टेक्स्ट, ते कशाला हलतील? सतरा दोनदा आला आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा आपल्या पेपरऐवजी त्याच्या वरच्या पेपराकडे बोट दाखवू लागला. प्रूफ आलं तेव्हा कुणी पाहिलं नाही. यकृताच्या रुग्णांना किती डोस द्यावा या वाक्याचा पुरावा म्हणून उंदरांवरचा एक पेपर छापला गेला. एका वाचकाने संपादकांना पत्र लिहिलं, दुरुस्ती छापावी लागली. लेखकांच्या विभागाने कळवलं की बाहेरून काम करून घेतलं होतं, चूक तिकडची.

आमच्याकडे पाठवलेल्या फाइलची पीडीएफ नव्हती. आपण पाठवलं ते असं नव्हतं, हे सांगायला पुरावा काय, तर माझा शब्द. वर्षभरात त्या विभागाचं काम गेलं आणि त्यांच्या ओळखीचे आणखी तिघे गेले. पाचाचे पुन्हा दोन झालो. काकांनी आठ महिने आपला वाटा उचलला नाही, आणि "मी सांगत होतो" हे एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

याच सुमारास आमच्याकडे शिकून गेलेल्या एकाने स्वतःचं दुकान थाटलं. निम्म्या दरात आणि एका दिवसात. त्याचा जर्नलांच्या नावांचा तक्ता माझ्या हाती आला. ब्रिटिश मेडिकल जर्नलचं संक्षिप्त नाव १९८० पर्यंत एक, १९८१ पासून कंसातली पुरवणी जोडलेलं दुसरं आणि १९८८ पासून नुसतं 'बीएमजे'. आमच्या तक्त्यात टायपिंगच्या चुकीने १९८८ चं १९८६ पडलेलं होतं. त्याच्याही तक्त्यात १९८६. यावर मी आणखी काही बोलत नाही.

आम्हाला वाचवलं मॅडमनी. छातीरोगाच्या डॉक्टर, आमच्या पहिल्या पेपरापासूनच्या. त्यांनी ओळखीने विभागाकडून जर्नलला गेलेली फाइल मिळवली, आमच्या कॉम्प्युटरवर दोन्ही फाइली 'कंपेअर' केल्या आणि तो बदल तारखेसकट बाहेर काढला. विभागप्रमुखांना मी फोन केला. "हो का? बघतो," म्हणाले. अजून बघतायत.

मॅडमचा नियम असा की मूळ पेपर उघडून वाचल्याशिवाय त्याला नंबर द्यायचा नाही. उदाहरण त्या नेहमी १९८० च्या एका पत्राचं देतात. न्यू इंग्लंड जर्नलमधलं पाच वाक्यांचं पत्र, की रुग्णालयात अफूजन्य वेदनाशामकं घेतलेल्यांना क्वचितच व्यसन लागतं. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये मोजदाद आली: ६०८ ठिकाणी ते उद्धृत झालेलं, आणि त्यातल्या सुमारे ७२ टक्के लेखकांनी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून वापरलेलं. पत्रातले रुग्ण दाखल झालेले होते, हे बहुतेकांनी लिहिलंच नाही. नव्या डॉक्टरांना माझं सांगणं, कुणी विचारलेलं नसलं तरी: पाठवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक रेफरन्स पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, उघडा, मागे घेतलेला तर नाही ना बघा. प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांनी अजून न तपासलेला पेपर, असेल तर तसं लिहा. आणि चॅटबॉटने दिलेली सूची आमच्याकडे आणू नका. त्यात लेखक खरे असतात, जर्नल खरं असतं, फक्त पेपर नसतो. परवा एका सूचीतले चार डीओआय (पेपरांचे कायमचे इंटरनेट पत्ते) उघडले, एक मातीच्या परीक्षणाकडे गेला.

आता आम्ही तिघे आहोत. काका येत नाहीत, पट्टी आहे. सूचीचे आकडे हाताने टाकतो आणि पाठवलेल्या प्रत्येक फाइलची पीडीएफ ठेवतो. पबमेडवर त्या आर्टिकलखाली दुरुस्तीची ओळ अजून दिसते. अधूनमधून मी ती उघडतो. दुरुस्त करून छापलेल्या सूचीत ४१ नंबरला एका जर्नलचं संक्षिप्त नाव चुकलेलं आहे. मी कुणालाही कळवलेलं नाही.