आमची वाटचाल : ॲसिडच्या मगापासून पाच लिटरच्या टाकीपर्यंत

आमचा मूळ धंदा मोटर स्टार्टर आणि पंपाच्या पॅनलचा. भोसरीत एक गाळा, मी आणि दोन पोरं, बास. स्विमिंग पूलशी काडीचा संबंध नव्हता, मला तर पोहताही येत नाही. लोणावळ्याला एका बंगल्यावर फिल्टरच्या पंपाचं पॅनल बसवायला गेलो होतो तर तिथले केअरटेकर काका तोंडाला पंचा बांधून कॅनमधून प्लास्टिकच्या मगात ॲसिड ओतत होते. म्हटलं काका हे काय, तर म्हणाले, "शनिवारी साहेब येतात ना, शुक्रवारी एक मग टाकायचा. पोरांचे डोळे झोंबले तर पुढच्या वेळी दीड." माप एवढंच.

घरी येऊन वाचत बसलो. या बंगल्यासारखा मिठावर चालणारा क्लोरिनेटर (पाण्यातल्या मिठापासून विजेने क्लोरीन बनवणारं यंत्र) असला की पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, आपोआप चढत राहतो, तो उतरवायला ॲसिड. क्लोरीन बनतं त्या सेलमध्ये हायड्रोजनचे बुडबुडे होतात, पाणी घुसळलं जातं आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्यात या बंगल्याला शोभेचा धबधबा म्हणजे आगीत तेलच. ढोबळ हिशोब असा की पीएच 7.5 असला तर क्लोरीनचा निम्मा भाग कामाचा, 8 ला गेला की पाव भागही धड नाही. म्हणजे आठवडाभर क्लोरीन नुसतंच पाण्यात फिरत होतं आणि शुक्रवारी काकांचा मग.

मला वाटलं सोप्पं आहे, पीएच बघून ॲसिड आपोआप सोडणारं मशीन करायचं. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून 12 व्होल्टचा पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत दाबत थोडं थोडं ॲसिड ढकलणारा) उचलला, पीएच मोजणारा एक प्रोब, कंट्रोलर आणि रिले, झालं मशीन तयार, ते त्याच बंगल्यावर बसवलं. पंपात सिलिकॉनची ट्यूब होती ती दोन महिन्यांत चिरली, कारण सिलिकॉन ॲसिडला टिकत नाही हे आम्हाला चिरल्यावर कळलं. कॅन ठेवलं होतं बंद पंप रूममध्ये, नुसत्या वाफेने पॅनलमधल्या एमसीबीचे (विजेच्या ब्रेकरचे) स्क्रू गंजले, पितळेला हिरवं चढलं, स्टीलच्या क्लॅम्पवरसुद्धा तपकिरी डाग. माझंच पॅनल मीच खाल्लं म्हणा ना.

पण खरी चूक वेगळीच होती आणि ती आजही आठवली की पोटात गोळा येतो. लाईट गेली तर सेटिंग उडू नये म्हणून मी शहाणपणा करून कंट्रोलर बंगल्याच्या इन्व्हर्टरवर टाकला होता, पुलाचं पाणी फिरवणारा मोठा पंप मात्र साध्या लाईनवर. रात्री लाईट गेली, पंप बंद, पाइपात पाणी उभं. प्रोब आपला 7.9 दाखवतोय, ॲसिड पुढच्या बाजूला पडतंय म्हणून प्रोबला त्याचा पत्ताच नाही, आणि ॲसिडचा छोटा डोसिंग पंप रात्रभर टिकटिक करत ॲसिड ढकलतोय. सकाळी लाईट आल्यावर साठलेलं सगळं ॲसिड एकदम इनलेटमधून पुलात, क्लोरीनच्या पाण्यात, आणि त्यातून विषारी क्लोरीन वायू. काकांचा फोन, "साहेब, पाण्याजवळ जाववत नाही, वास नाकात बसतोय." नशीब मंगळवार होता, पुलात कोणी नव्हतं. मी मशीन काढून आणलं आणि पैसे परत केले.

त्यानंतर आम्ही ॲसिड सोडायच्या नाही, ॲसिड थांबवायच्या मागे लागलो. डोसिंग पंपाची सप्लाय मोठ्या पंपाच्या कॉन्टॅक्टरमधूनच (तो पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचमधूनच) घ्यायची, वर पाइपात फ्लो स्विच, पाणी हललं नाही तर एक थेंब नाही. इंजेक्शन पॉइंट, म्हणजे ॲसिड पाइपात शिरतं ती जागा, फिल्टर-क्लोरिनेटर सगळ्यांच्या शेवटी, तिथे एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह. ॲसिड अर्धं पाणी घालून पातळ करायचं, आधी पाणी मग त्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. टाकी पंप रूमच्या बाहेर सावलीत. आणि टाकी फक्त पाच लिटरची, कारण उद्या सगळं फेल होऊन ती अख्खी रिकामी झाली तरी 50 हजार लिटरच्या पुलाचा पीएच, पाण्याची अल्कलिनिटी (ॲसिड पचवायची ताकद) ठीक असली तर, साधारण सातच्या थोडा खाली जाईल, फार नाही. गिऱ्हाईक म्हणतं मोठी टाकी द्या, आम्ही देत नाही.

प्रोबसुद्धा काढला. यावर दुसरे डीलर हसतात, पण वीकेंड बंगल्यात पंप चार-चार दिवस बंद राहतो, प्रोब सुकतो, 7 आणि 4 च्या बफरने, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने, तो दर महिन्याला कोण कॅलिब्रेट करणार? घरच्या पुलाची ॲसिडची भूक बऱ्यापैकी ठरलेली असते, त्यामुळे टायमरवर दिवसाला 300 मिली पातळ ॲसिड, पाच हप्त्यांत, आणि आठवड्याला एकदा थेंबाचं टेस्ट किट. हॉटेलच्या पुलाला हे चालणार नाही, तिथे प्रोब हवाच, ती कामं आम्ही घेतही नाही. पावसाळ्यात मात्र लोणावळ्याचा पाऊस पूल भरून वाहवतो, पाण्याची अल्कलिनिटी उतरते आणि तोच डोस जास्त होतो, म्हणून जूनमध्ये फिरून टायमर कमी करायचे, गरज पडली तर पुलात खाण्याचा सोडा टाकायचा.

पैसे परत केलेल्या त्या बंगल्यावाल्यांनी वर्षभराने स्वतःहून बोलावलं. काका आता दर शुक्रवारी व्हॉट्सॲपवर टेस्ट किटच्या नळीचा फोटो पाठवतात, मागे पांढरा कागद धरून, हे त्यांचं त्यांनीच शोधलेलं. परवाच्या फोटोत रंग केशरी-लाल होता, खाली लिहिलं होतं, "7.4, टाकी तळाला. आणि तो जुना मग फेकू का?"