आटलं कोण?

गुरुवारी सकाळी आमच्या शिवणकामाच्या दुकानाचं शटर वर केलं तेव्हा नाशिकच्या इंदिरानगरमधल्याच एक ताई मोठी पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीत घरी शिवलेली गोधडी होती. मुलाच्या जुन्या टी-शर्टांचे २० चौकोन, चार बाय पाच, आणि पाठीला कोरा मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड. मुलगा रविवारी होस्टेलला निघणार होता. एकदाच मशीनमध्ये धुतली आणि गोधडी तव्यावरच्या पापडासारखी जागोजागी फुगून आली.

"टी-शर्ट आटले हो सगळे," ताई म्हणाल्या.

पटेना. सहा-सात वर्षं आठवड्याला धुतलेला सुती टी-शर्ट आता आणखी किती आटणार? जे आटायचं ते पहिल्या काही धुण्यांतच आटून गेलेलं असतं. टेप लावली. चौकोन शिवून १२ इंचांचे धरले होते, म्हणजे लांबी ६० यायला हवी. आली साडेसत्तावन्न. पण आखडलेला कपडा आणि आटलेला कपडा यांत फरक असतो, आणि तो उसवल्याशिवाय कळत नाही.

होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं फासांचं कापड, उसवताना दोरा ओढायचा नाही. खालच्या बाजूने दर चौथा टाका उसवणीने कापायचा, मग वरचा दोरा आपोआप सुटतो. घाईने ओढला तर फास ओढला जातो आणि शिडीसारखी रेघ पडते. एक चौकोन असा सुटा केला, टेबलावर हाताने नुसता सरळ केला आणि मापला. पुरा १३, म्हणजे कापला होता तेवढाच. टी-शर्ट निर्दोष. अडीच इंच मांजरपाटाने गिळले होते. कोरा मांजरपाट खळीतला असतो. पहिल्या पाण्यात खळ जाते, ताणलेला धागा आटतो, आणि उभ्या अंगाने जास्त. तो खालून ओढत गेला आणि वरचं कापड फुगलं.

हे कळल्यावर काम सोपं वाटलं होतं. पाठ बदलायची, झालं. पण उसवत गेलो तशी बाकीची दुखणी बाहेर आली.

टाक्यांच्या रेघेत बारीक भोकं होती. ताईंच्या काळ्या मशीनला नेहमीची १६ नंबरची टोकदार सुई. मागावर विणलेल्या कापडात ती दोन धाग्यांमधून वाट काढते. होजिअरीत धागा फासांचा असतो, टोक फासावर पडलं की तो तुटतो. शिवताना काही दिसत नाही, धुतल्यावर भोक उघडतं. होजिअरीला गोल टोकाची सुई लागते, पातळ टी-शर्टला ११ नंबर. फरक दहा-वीस रुपयांचा, पण मशीन घेताना दुकानदार सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

दुसरं दुखणं ताणाचं. टी-शर्टचं कापड आडवं जास्त ताणतं, उभं कमी. ताईंनी चित्र बसावं म्हणून सहा चौकोन आडवे फिरवले होते, त्यामुळे एकाचा ताण शेजाऱ्याच्या ताणाला काटकोनात. शिवाय कडा गुंडाळतात म्हणून शिवताना हाताने ओढून धरलेल्या. मशीनचे दात खालचा थर पुढे नेतात, वरचा कापड दाबणाऱ्या पायाखाली मागे राहतो; त्यात हाताची ओढ आली की कड लाटेसारखी होते. पायाचा दाब वरच्या स्क्रूने सैल केला असता तरी निम्मं वाचलं असतं.

तिसरं म्हणजे इस्त्री. एका मॅरेथॉनच्या टी-शर्टवर इस्त्रीच्या टोकाचा चकचकीत डाग होता. ड्रायफिट म्हणजे पॉलिस्टर. सुतीच्या आचेवर ते मऊ पडून चकाकतं. शंका असेल तर आतल्या शिलाईच्या कडेला कापडाचाच एक धागा ओढून काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर आकसून कडक मणी होतो. २० पैकी सात मणीवाले निघाले.

दुपारी फ्युजिंग आणायला मेन रोडला माणूस पाठवला. हे पातळ, एका बाजूने डिंकाचे ठिपके असलेलं अस्तर टी-शर्टच्या उलट्या बाजूला चिकटवलं की ताण मरतो आणि कडा गुंडाळणं थांबतं. त्यानंतर काळ्या मशीनवरचा सरळ टाकाही चालतो, झिगझॅगची गरज उरत नाही. इस्त्री सरकवायची नाही. ठेवायची, दहा-बारा सेकंद दाबायची, उचलायची. वरून ओला रुमाल. पॉलिस्टरला आच कमी आणि आधी कोपऱ्यावर परीक्षा. रबर छपाईवर थेट इस्त्री कधीच नाही, छपाई इस्त्रीलाच चिकटून येते. नव्याने करणाऱ्याने चौकोन आधी दोन इंच मोठा कापावा, फ्युजिंग लावावं आणि मगच नेमकं माप कापावं. बहुतेक जण उलटं करतात.

आमच्याकडे ती चैन नव्हती. भोकांच्या कडा छाटल्यावर १३ चे १२ उरले, अर्धा-अर्धा इंच शिलाईत गेला की ११. गोधडी झाली ४४ बाय ५५.

पाठीला ताईंच्या घरून दोन जुन्या सुती साड्या मागवल्या. शेकडो वेळा धुतलेली साडी आता आटत नाही. गोधडीला जुनं लुगडं लावायची पद्धत नुसत्या काटकसरीची नसावी. अडचण पन्न्याची. साडी ४४-४५ इंच रुंद, गोधडी ४४, आणि टाके घालताना दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच तरी जास्त हवेत. काठ काढून सहा इंचांची पट्टी एका कडेला जोडली. मधोमध जोड घेतला असता तर बरोबर घडीवर आला असता.

मग वाद झाला. हाताचे टाके घालणाऱ्या मावशी कडेपासून फेरे घेत आत येतात, लहानपणापासून तसंच. होजिअरीत मात्र उरलेला सैलपणा सुईच्या पुढे पुढे सरकतो आणि शेवटी मध्ये डोंगर होतो. "फ्युजिंग लावलंय ना, मग सरकेल कशाला?" मावशींचा प्रश्न बिनतोड होता. शेवटी मधून कडेकडे वीतभर अंतराने कच्चे टाके घातले आणि पक्के टाके मावशींनी त्यांच्या रीतीने कडेपासून घातले, ओळींत दीड इंच अंतर. डोंगर झाला नाही. फक्त छपाईवरून सुई नेऊ दिली नाही. रबरात पडलेलं भोक बुजत नाही. चित्राभोवती वळसा घातला.

शनिवारी संध्याकाळी गोधडी गेली. सोबत निरोप दिला: थंड पाणी, पिळायचं नाही, दोरीवर एका टोकाने लटकवायची नाही, कारण पाण्याच्या वजनाने शिलाई ओढली जाते. गच्चीत आडवी पसरायची. जानेवारीच्या नाशिकमध्ये वाळायला दोन दिवस लागतील, लागू देत.

बाह्या आणि बाजूचे तुकडे ताईंनी परत नेले. सुती तुकड्यांच्या आडव्या, इंचभर रुंद पट्ट्या कापून ओढल्या की आपोआप गुंडाळून दोरा होतो, पायपुसण्याला उत्तम. पॉलिस्टरचं पायपुसणं करू नये, पाणी शोषत नाही. आणि तो मांजरपाट? आता पुरता आटलाय. त्याच्या चार पिशव्या शिवून त्यातल्याच एकीतून गोधडी पाठवली.