रामोजी रावांचा मृत्युलेख आणि धर्माबादची बातमी

8 जून 2024, शनिवार. सकाळी सातच्या आत धर्माबादच्या आमच्या वार्ताहराचा फोन आला. एवढ्या सकाळी त्याचा फोन म्हणजे अपघात किंवा गोदावरीत कोणी बुडाल्याची बातमी, असे गृहीत धरून मी कागद पुढे ओढला. तो म्हणाला, "सर, रामोजी राव गेले हो. इथे आडतीवर सगळे मोबाइलमध्ये ईटीव्ही लावून बसलेत." रामोजी राव म्हणजे 'ईनाडू' हे तेलुगू दैनिक, ईटीव्ही वाहिन्या आणि हैदराबादची रामोजी फिल्म सिटी उभी करणारे उद्योजक. तेलंगणाच्या सीमेवरील धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात मराठीच्या बरोबरीने तेलुगू चालते, त्यामुळे हैदराबादची बातमी नांदेडच्या आधी तिथे पोहोचावी यात नवल नव्हते. जाता जाता त्याने दुपारी बियाण्यांच्या चढ्या दराची बातमी पाठवतो, असेही सांगितले.

मी नांदेडमध्ये एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीवर उपसंपादक आहे. लोकसभेचा निकाल चार दिवसांपूर्वी लागला होता, दुसऱ्या दिवशी दिल्लीत शपथविधी होता आणि मृग लागल्याने पेरणीच्या बातम्यांचा ढीग पडला होता. तरीही संपादकांनी पाचव्या पानाचा अँकर, म्हणजे पानाच्या तळाची मोठी जागा, मृत्युलेखासाठी मोकळा ठेवला आणि लेख मला लिहायला सांगितला.

माझा पहिला मसुदा फिल्म सिटीपासून सुरू होत होता: 1996 मध्ये उभी राहिलेली, 1,666 एकरांवर पसरलेली, गिनीज बुकात नोंद झालेली चित्रनगरी. संपादकांनी तो वाचला आणि "हे सहलीच्या पुरवणीत द्या," एवढेच म्हणून परत केला. राग आला, पण त्यांचे बरोबर होते.

दुसऱ्यांदा लिहायला बसलो तेव्हा हाती लागलेला माणूस वेगळा होता. कृष्णा जिल्ह्यातील पेदपारुपुडी या गावी 1936 मध्ये शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या गृहस्थाने 1962 मध्ये मार्गदर्शी चिट फंड काढला, म्हणजे आपल्याकडच्या भिशीचाच नोंदणीकृत, हिशेबी अवतार. 1969 मध्ये 'अन्नदाता' हे शेतीविषयक मासिक काढले आणि 10 ऑगस्ट 1974 रोजी विशाखापट्टणमहून 'ईनाडू' सुरू केले. विशाखापट्टणमच का, याचे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटले. तिथे तेलुगू दैनिके विजयवाड्याहून छापून येत आणि वाचकाच्या हाती उशिरा पडत. यांनी पहाटेच अंक दारात टाकला. परगावी छापलेल्या अंकाची दुपारपर्यंत वाट पाहणे म्हणजे काय, हे नांदेडच्या जुन्या वाचकांना सांगावे लागत नाही. पुढे त्यांनी प्रत्येक जिल्ह्यासाठी स्वतंत्र पाने काढली, गावोगावी वार्ताहर नेमले आणि तालुक्याच्या बातमीमागोमाग तालुक्याची जाहिरातही आणली. तेलुगूत 'ईनाडू' म्हणजे 'आज' आणि 'ही भूमी'सुद्धा. त्या नावात अख्खा धंदा सामावलेला होता. मी ज्या खुर्चीवर बसून हे लिहीत होतो, ती खुर्चीही अशाच जिल्हा पानांमुळे निर्माण झाली आहे, ही जाणीव त्या दुपारी प्रथमच झाली.

आमच्या डेस्कवरचे एक ज्येष्ठ सहकारी ईटीव्ही मराठीत होते. 2000 साली ती वाहिनी सुरू झाली तेव्हा मराठी बातमीपत्रे हैदराबादेतूनच प्रसारित होत, आणि मराठवाड्यातील मुलांना मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. त्यांच्या आठवणींत मराठी प्रमाणलेखनाचे धडे होते, शिस्तीचा जाच होता आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला हमखास होणारा पगारही होता. (आमच्या व्यवसायात या शेवटच्या गोष्टीचे मोल बाहेरच्यांना कळणार नाही.)

खरा वाद संध्याकाळी झाला, तो लेखातल्या अडचणीच्या गोष्टी छापाव्यात की नाही यावरून. 1982 मध्ये अभिनेते एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम पक्ष काढला तेव्हा ईनाडू त्यांच्यामागे उघडपणे उभा राहिला आणि 1995 मध्ये रामारावांचे जावई चंद्राबाबू नायडू यांनी सासऱ्याला मुख्यमंत्रिपदावरून पायउतार केले तेव्हा तेच दैनिक चंद्राबाबूंच्या बाजूला गेले. रामोजींच्याच मार्गदर्शी फायनान्शियर्स या दुसऱ्या संस्थेने लोकांकडून सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या कायद्याविरुद्ध घेतल्याचा आरोप 2006 मध्ये झाला. तो वाद निधनापर्यंत न्यायालयात होता. "चिता पेटायच्या आधी हे कशाला?" असे सहकारी म्हणाले. माझे म्हणणे असे होते की 1992 मध्ये नेल्लोर जिल्ह्यातील बायकांच्या दारूविरोधी लढ्याला ज्याने रोज जागा दिली आणि ज्याने एका पक्षाची पाठराखण केली, तो मालक एकच होता. पहिले छापून दुसरे गाळले तर वाचक आपल्याला ओळखून आहे. संपादकांनी दोन्ही ठेवले, मात्र मथळ्यातला 'सम्राट' हा शब्द काढून टाकला. 2016 च्या पद्मविभूषणाचा उल्लेख शेवटच्या ओळीत गेला.

रात्री साडेदहाला पान सोडले. मजकूर चाळीस-पन्नास शब्दांनी वाढला होता, म्हणून शेजारची दोन कॉलमी बातमी मी घाईत उचलली आणि ती कोणाची आहे हे पाहिलेही नाही.

रविवारी सकाळी पुन्हा धर्माबादचा फोन आला. आडतीवर लेख मोठ्याने वाचून दाखवला गेला, दोन म्हाताऱ्या व्यापाऱ्यांना मार्गदर्शीचा परिच्छेद रुचला नाही, असे त्याने सविस्तर सांगितले. मग थोडे थांबून म्हणाला, "सर, पण माझी बियाण्यांची बातमी दिसली नाही कुठं."

ती मी सोमवारच्या अंकात पहिल्या पानावर घेतली.