सुट्टीत भूमिती, तीही क्रेडिटसकट

कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शाळांत गणिताचे वर्षावार तुकडे असतात: अल्जिब्रा वन, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस. आपल्या दहावीसारखं भाग 1 आणि भाग 2 एकाच वर्षी नाही. लेकीने नववीत अल्जिब्रा वन घेतलेलं, म्हणजे बारावीपर्यंत कॅल्क्युलसची गाठ पडणार नव्हती. म्हणून नववीनंतरच्या सुट्टीत जॉमेट्री ऑनलाइन करायचं तिने ठरवलं.

खान अकॅडमी फुकट आहे, सरावाला उत्तम आहे, पण तिथून क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे शाळेच्या नोंदीत धरले जाणारे गुणांक, मिळत नाही. क्रेडिटसाठी कोर्स देणारी संस्था मान्यताप्राप्त हवी. शिवाय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात अर्ज करायचा तर कोर्स त्यांच्या ‘ए-टू-जी’ यादीत, म्हणजे प्रवेशासाठी ग्राह्य कोर्सांच्या यादीत, हवा. ती यादी ऑनलाइन कुणालाही बघता येते. पण यादीत नाव आहे म्हणून आपली शाळा क्रेडिट देईलच असं नाही, आणि ही गोष्ट कोर्स विकणारे सांगत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी शाळेच्या काउन्सेलरची, म्हणजे विषयनिवडीच्या सल्लागाराची, लेखी मंजुरी घेतली. तोंडी ‘हो’ ऐकलं होतं, तरी फॉर्मवर सही होईपर्यंत मी मागे लागले.

आणखी एक. नववीनंतरच्या सुट्टीपासूनचे ग्रेड युनिव्हर्सिटी जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरते. तेव्हा ‘सुट्टीतलं आहे, चालतंय’ असं म्हणायची सोय नव्हती.

अभ्यास जड गेला तो सिद्धतांमुळे. वर्षभराचा विषय काही आठवड्यांत, त्यात डावीकडे विधान, उजवीकडे कारण. पक्ष, साध्य, सिद्धता घोकलेली असल्याने इथे मात्र मी तिच्या कामी आले. व्हिडिओ बघून तिला सगळं समजल्यासारखं वाटे, कोरा कागद पुढे आला की पेन थांबे. मग व्हिडिओ बंद करून रोज एक सिद्धता हाताने लिहायची, असा नियम केला. शेवटची परीक्षा पर्यवेक्षकासमोर होती, त्यामुळे ते लिहिणं फळलं.

निकालाची प्रत घरी येऊन उपयोग नसतो. ती संस्थेकडून थेट शाळेत जावी लागते, आणि त्यासाठी वेगळा अर्ज असतो. ऑगस्टमध्ये शाळा उघडली तरी तिच्या वेळापत्रकात जॉमेट्रीच होती. मंजुरीचा फॉर्म पुढे केला, तेव्हा अल्जिब्रा टू मिळालं.

आता ओळखीचे विचारतात, अल्जिब्रा टूही असंच उरकता येईल का? मी तरी नको म्हणते. प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस दोन्ही त्याच्यावरच उभे आहेत. ते वर्षभर वर्गात बसून केलेलं बरं.