तुम्ही विचारलंत म्हणून : ही पाळत नव्हे का?

दुसऱ्या देशांतून येऊन स्थायिक झालेल्या समाजांकडून नव्याने डोके वर काढणाऱ्या आजारांची माहिती मिळवणे हे माझे काम आहे, असे कळले की मला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : ही त्या लोकांवर ठेवलेली पाळतच नव्हे का? काहींच्या प्रश्नात त्या लोकांविषयीची काळजी असते, तर काहींच्या प्रश्नात असा सूर असतो की साथी तेच घेऊन येतात, तेव्हा पाळत ठेवली तर बिघडले कुठे? दोघांनाही माझे उत्तर एकच आहे. हे काम पाळत होऊ शकते, पूर्वी झालेलेही आहे, आणि ज्या दिवशी ते पाळत होते त्या दिवसापासून माहिती मिळेनाशी होते.

मुळात या लोकांना विचारायचे का, ते आधी सांगते. एखाद्या दूरच्या गावात विचित्र ताप पसरू लागला, तर तिथल्या दवाखान्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राजधानीला आणि तिथून जगाला खबर जाण्यात कित्येक दिवस जातात, आणि वाटेत कुणीतरी ती दडपण्याचीही शक्यता असते. त्याच गावातल्या बहिणीचा परदेशातल्या भावाला त्याच संध्याकाळी फोन येतो. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात 2002 च्या नोव्हेंबरात सार्स या श्वसनाच्या नव्या आजाराचे रुग्ण दिसू लागले होते. बाहेरच्या जगाला त्याची अधिकृत माहिती 2003 च्या फेब्रुवारीत मिळाली, आणि त्याच्या आधी अफवा मात्र पोहोचल्या होत्या. या अनुभवानंतर सुधारलेल्या आणि 2007 मध्ये अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी सरकारी अहवालाखेरीज इतर मार्गांनी आलेल्या बातम्यांचीही दखल घेण्याची मुभा जागतिक आरोग्य संघटनेला दिली.

दुसरे कारण प्रवासाचे. पर्यटक हॉटेलात उतरतो, जाण्याआधी लस आणि गोळ्या घेतो. आईवडिलांना भेटायला जाणारा माणूस घरच्यांच्यात राहतो, तिथलेच पाणी पितो आणि जन्मगावी जाताना डॉक्टरांचा सल्ला कशाला घ्यायचा, असे त्याला वाटते. म्हणूनच युरोपातल्या देशांत बाहेरून येणाऱ्या हिवतापाच्या रुग्णांत असे नातेवाइकांना भेटून आलेले लोक फार मोठ्या संख्येने असतात. प्रवास-वैद्यकाच्या दवाखान्यांचे जिओसेंटिनेल नावाचे जाळे 1995 पासून अशा परतलेल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र करत आले आहे. मात्र त्या जाळ्यात येतो तो दवाखान्यापर्यंत पोहोचलेला माणूस. जो पोहोचतच नाही, त्याच्याकडे आपणच जावे लागते.

इटलीतले 2007 चे उदाहरण मी नेहमी देते, कारण त्यात या कामाची दोन्ही अंगे दिसतात. रावेन्ना प्रांतातल्या दोन शेजारच्या गावांत त्या उन्हाळ्यात ताप आणि असह्य सांधेदुखीचे रुग्ण एकामागून एक दिसू लागले. तो चिकनगुन्या होता, आणि युरोपातच डास चावून तो पसरण्याची ही पहिली वेळ होती. सुमारे 200 लोक आजारी पडले. जूनअखेर केरळातून आपल्या नातेवाइकांकडे आलेल्या एका गृहस्थांना तिथे ताप आला होता, तिथून साखळी सुरू झाल्याचे तपासात दिसले. पण त्याआधी गावकऱ्यांचा संशय गेला होता तो आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांवर, ज्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता. शिवाय पाहुणा एकटा साथ पसरवू शकला नसता. ती पसरली, कारण हा रोग पसरवणारे टायगर डास इटलीत कित्येक वर्षांपासून मुक्कामाला होते. त्या कुटुंबाला वेळीच कुणी विचारले असते तर साथ टळली असती, असा माझा दावा नाही. डासांविरुद्धची फवारणी काही आठवडे आधी सुरू झाली असती, इतकेच म्हणता येईल.

आता विचारायचे कसे? ‘तुमच्या देशात कोणते रोग आहेत?’ असे विचारले की समोरचा माणूस लगेच स्वतःच्या देशाचा वकील होतो आणि काहीच नाही असे सांगतो. मी घरच्यांची खुशाली विचारते. पाऊस कसा झाला, शेती कशी आहे, गुरे कशी आहेत, इतक्यात कुणाच्या मयतीला जावे लागले का. एकदा एका वयस्क गृहस्थांनी आपला फोन टेबलावर ठेवून बहिणीचे आवाजी निरोप मला एकामागून एक ऐकवले. पहिल्यात अतोनात पावसाची तक्रार होती. दुसऱ्यात ती सांगत होती की शेळ्या गाभडत आहेत. तिसऱ्यात भाच्याला बरेच दिवस ताप असून तो कमरेने वाकला आहे आणि हिवतापाच्या गोळ्यांनी उतार पडत नाही, असे होते. मोठ्या पावसानंतर शेळ्यामेंढ्या सरसकट गाभडू लागल्या की रिफ्ट व्हॅली तापाची शंका घ्यावी लागते. डासांमुळे पसरणारा हा रोग 2000 साली आफ्रिकेबाहेर प्रथमच सौदी अरेबिया आणि येमेनमध्ये पोहोचला होता. आम्ही ती बातमी पशुवैद्यकीय विभागाला कळवली. निष्पन्न झाला तो ब्रुसेलोसिस, म्हणजे कच्च्या दुधातून माणसाला होणारा जुनाच रोग. या कामात बहुतेक वेळा असेच होते. तरीही ती माहिती वाया गेली नाही, कारण गावाकडचे घरगुती चीज इथल्या अनेक घरांत येत होते आणि बऱ्या न होणाऱ्या तापासाठी कोणती तपासणी करावी, हे आम्हाला इथल्या डॉक्टरांना सांगता आले.

दुभाष्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. लहान समाजात सगळे एकमेकांना ओळखतात. क्षयरोगाविषयी शेजाऱ्याच्या देखत कोण बोलेल? घरातल्या शाळकरी मुलाला दुभाषी करणे तर मला मुळीच मान्य नाही, मग ते कितीही सोयीचे असो. अशा वेळी फोनवरचा, दुसऱ्या शहरातला अनोळखी दुभाषी बरा.

पाळतीकडे वळते. एड्सच्या सुरुवातीच्या काळात, 1983 मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हैती या कॅरिबियन देशातून आलेल्या अख्ख्या हैतियन समाजाला जोखमीचा गट ठरवले. समलिंगी पुरुष आणि शिरेतून नशा करणारे हे गट वर्तनावरून ठरले होते, हैतियन मात्र जन्मभूमीवरून. 1985 मध्ये ते नाव यादीतून काढले गेले, पण तोवर लोकांच्या नोकऱ्या आणि घरे गेली होती. पुढे 1990 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने हैतियन लोकांना रक्तदानाची बंदी केली, तेव्हा एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून हजारो लोकांनी मोर्चा काढला आणि वर्षअखेर ती बंदी उठली. त्या काळात आजार लपवणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. ब्रिटनमध्ये तर 2017 पासून रुग्णांचे पत्ते आरोग्यसेवेकडून स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या गृहखात्याला देण्याचा रीतसर करार होता. स्थलांतरित लोक दवाखान्यात येण्यास घाबरू लागतील, असे डॉक्टरांनी आणि संसदीय समितीने बजावल्यावर 2018 मध्ये तो मागे घेण्यात आला. संसर्गजन्य रोगांचे उपचार तिथे सर्वांना मोफतच आहेत, पण पत्ता गृहखात्याकडे जाणार असेल तर मोफत उपचाराला कोण जाईल?

म्हणून आमच्या नोंदीच्या कागदावर व्हिसाचा रकानाच नाही. जे विचारलेच नाही ते कुणी मागून घेऊ शकत नाही, आणि कायद्याच्या कोणत्याही आश्वासनापेक्षा मला हा रिकामा कागद अधिक भरवशाचा वाटतो. जे सांगितले गेले त्याचे काय झाले, हे परत जाऊन सांगणे हा दुसरा नियम. त्याला पैसे आणि वेळ कुणीच मंजूर करत नाही, कारण अहवालात दाखवण्यासारखे त्यात काही नसते. पण ज्या वस्तीत आम्ही निकाल सांगायला गेलो, तिथून पुढच्या वेळी फोन आपणहून आले.

याला एक मर्यादा आहे, आणि ती मी लपवत नाही. नाव न घेता ऐकलेल्या बातमीवरून एखाद्या माणसापर्यंत परत पोहोचता येत नाही. डासांच्या किंवा दुधाच्या आजारात त्याने फारसे अडत नाही. इबोलासारखा आजार असेल, जिथे रुग्णाच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकावर 21 दिवस लक्ष ठेवावे लागते, तिथे नाव आणि पत्ता लागतोच. तेव्हा मी तो मागते, मात्र तो कशासाठी हवा आहे, कोण पाहणार आहे आणि कधी नष्ट होणार आहे, हे आधी सांगून. काही जण ते ऐकून उठून जातात. जे थांबतात, त्यांना रोज फोन करून ताप आहे का हे विचारावे लागते, आणि घरात बसून बुडालेल्या रोजाचे काय, या त्यांच्या प्रश्नाला माझ्या खात्याकडे अजून तरी उत्तर नाही.