न बोलल्याबद्दल झालेली शिक्षा

महापे एमआयडीसीतील ज्या कार्यालयात मी चार वर्षांपासून रात्रपाळी करते, तिथे मोबाइलवरील एका नेमबाजीच्या खेळातील खेळाडूंच्या तक्रारी तपासल्या जातात. बहुतेक प्रकरणे आमच्यापर्यंत येतच नाहीत. शिवी टाइप झाली की फिल्टर ती झाकून टाकतो आणि एखाद्या खात्याविरुद्ध ठरावीक संख्येने तक्रारी जमल्या की ते आपोआप काही दिवसांसाठी बंद होते. खेळाडूने दाद मागितली, तरच माणूस त्यात लक्ष घालतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास आलेले अपील रोमन लिपीतल्या मराठीत होते, म्हणून ते माझ्याकडे वळवण्यात आले. सात दिवसांची बंदी, कारण ‘संघाशी असहकार’, तक्रारी पंधरा. खाली एकच वाक्य होते: ‘मी काही बोलले नाही म्हणून शिक्षा झाली का?’

ज्या पाच सामन्यांतून या तक्रारी आल्या होत्या, त्या पाचहींच्या नोंदी मी उघडल्या. चार जणांच्या संघात उरलेले तिघे प्रत्येक वेळी तेच होते आणि पंधराच्या पंधरा तक्रारी त्यांच्याच होत्या. पहिल्या सामन्यात तिने माइकवरून काहीतरी सांगितले असावे, कारण त्यानंतर लगेच चॅटमध्ये ओळी सुरू होतात: ‘अरे, ही तर ताई निघाली’, ‘ताई, भाकऱ्या करपतील’, ‘आवाज ऐकव ना परत’, ‘घरी एकटी आहेस का?’ यांतला एकही शब्द फिल्टरच्या यादीत नाही आणि घालताही येणार नाही, कारण भाकरी खाऊन येतो असे सांगणाऱ्या मुलाचे वाक्य आम्ही कोणत्या तोंडाने झाकणार? दुसऱ्या सामन्यापासून तिचा माइक बंद होता. शत्रू कुठे आहे हे ती नकाशावर खुणा करून दाखवत राहिली, आणि पाचव्या सामन्यात तर जखमी होऊन पडलेल्या त्यांच्यापैकी एकाला तिने उठवून उभे केले. त्यानेही सामना संपताच तिची तक्रार नोंदवली होती.

मी बंदी उठवली. त्याला दोन मिनिटे लागली. टीम लीडशी मात्र पहाटेपर्यंत चर्चा चालली. शिक्षा वाढवून प्रश्न सुटत नाही, असे मला मनापासून वाटते आणि या क्षेत्राचा इतिहासही तेच सांगतो. रायट गेम्स या कंपनीने ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या आपल्या ऑनलाइन खेळामध्ये प्रतिस्पर्ध्यांशी बोलण्याची सोय सुरुवातीला बंद ठेवली आणि ज्याला हवी त्यानेच ती चालू करावी असे केले, तेव्हा चॅटचा वापर जवळपास तेवढाच राहिला, पण वाईट बोलणे सुमारे एक तृतीयांशाने घटले. ‘जर्नी’ या 2012 मधील खेळाच्या निर्मात्यांना चाचणीत खेळाडू एकमेकांना ढकलताना दिसले, तेव्हा त्यांनी दंड ठेवला नाही, तर ढकलता येणेच काढून टाकले. ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या ऑनलाइन खेळात अनोळखी प्रतिस्पर्ध्याला ठरलेली मोजकी वाक्येच पाठवता येतात. आमच्या खेळात उलट होते. तक्रारीचे बटण हेच त्या तिघांचे हत्यार झाले होते आणि ते आम्हीच त्यांच्या हातात दिले होते.

म्हणून मी लेखी सुचवले की एकाच संघातून एका खेळाडूविरुद्ध आलेल्या तक्रारी, त्या कितीही सामन्यांत आलेल्या असोत, एकच धराव्यात. त्या तिघांचे चॅट महिनाभर बंद केले आणि ‘नियमभंग’ एवढाच शब्द कळवण्याऐवजी त्यांच्याच ओळी त्यांना परत पाठवल्या, कारण नेमके काय चुकले हे पुराव्यासह दाखवले, तर खेळाडू सुधारण्याची शक्यता वाढते, हेही रायटच्याच अनुभवातून पुढे आले आहे. दोघांनी काहीच कळवले नाही. तिसऱ्याने लिहिले, ‘गंमत होती, तिला राग आला हे कळलं नाही.’ तो खोटे बोलत होता असे मला वाटले नाही, आणि त्यामुळेच ते वाक्य मला अधिक लागले.

मुलीला पाठवायच्या उत्तराचे नमुने फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते. मी मराठीत लिहिले: चूक तुमची नव्हती, आमच्या मोजणीची होती. सहा वाजता घणसोलीहून ठाण्याची लोकल पकडली, तेव्हाही ते उत्तर पुरेसे झाले की नाही, हाच विचार मनात होता.

तक्रारींच्या मोजणीचा नियम तीन आठवड्यांनी बदलला. बंदी उठवल्यानंतर सात दिवसांनी खात्याची फेरतपासणी करावी लागते, ती मीच केली. ती मुलगी रोज खेळत होती, दोन सामने जिंकलीही होती, आणि नकाशावर खुणा भरपूर होत्या. माइक एकदाही चालू झालेला नव्हता.