परत आल्यावर काळा चौकोन

दुपारी माझा मोबाइल गेम तपासणाऱ्या टेस्टरचा मेसेज आला: 'खेळताना मध्येच फोन आला, बोलून गेममध्ये परत गेलो, तर कोपऱ्यातला नकाशा काळा.'

माझ्या फोनवर नीट चालत होतं, डेस्कटॉपवर तर प्रश्नच नव्हता. गेम लिबजीडीएक्स या गेम बनवायच्या फ्रेमवर्कवर केलेला. जावात एकदा लिहायचं आणि विंडोज, लिनक्स, अँड्रॉइडवर तेच चालवायचं. त्यामुळे मी बहुतेक वेळा डेस्कटॉपवरच तपासायचो, चूक माझीच.

टेस्टरचा जुना फोन आणवला. होम दाबून परत आलो की काळा चौकोन. पात्रं, झाडं, बटणं मात्र जागच्या जागी. नकाशाचा कोड दीड तास उलटापालटा केला, काही सापडेना. मग डोक्यात आलं: बाकी चित्रं फाइलमधून येतात, नकाशा तेवढा मी चालू गेममध्ये पिक्समॅपवर, म्हणजे मेमरीतल्या कोऱ्या चित्रावर, रंगवतो.

फ्रेमवर्क ओपन सोर्स, म्हणून त्यातला टेक्स्चरचा, म्हणजे ग्राफिक्स मेमरीत चढवलेल्या चित्राचा, कोडच सरळ उघडला. अँड्रॉइडवर गेम मागे गेला की काही फोन ओपनजीएलचा (चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स प्रणालीचा) कॉन्टेक्स्ट, म्हणजे गेमला दिलेली चित्रं काढायची जागा, काढून घेतात, त्यासोबत ग्राफिक्स मेमरीतली सगळी टेक्स्चर जातात. परतल्यावर फ्रेमवर्क 'मॅनेज्ड', म्हणजे त्याने स्वतः सांभाळायची ठरलेली, टेक्स्चरच पुन्हा चढवतं. फाइलवाली आपोआप मॅनेज्ड असतात, पिक्समॅपवाली आपण सांगितल्याशिवाय नाही.

मग काय, गेम परत पुढे आला की चालणाऱ्या रिझ्यूममध्ये जुनं टेक्स्चर डिस्पोज करून (पुसून) नवं बनवलं. नकाशा आला आणि पॉजचं बटण गायब!

हा घोळ मला जास्त आवडला. टेक्स्चर ओळखायचा हँडल म्हणजे नुसता एक आकडा. कॉन्टेक्स्ट नवा झाला की आकडे पुन्हा पहिल्यापासून वाटले जातात, आणि माझ्या नकाशाचा जुना आकडा आता बटणांच्या चित्राला मिळाला होता. मी मेलेलं टेक्स्चर पुसायला गेलो आणि जिवंत पुसलं. डिस्पोज न करावं, तर कॉन्टेक्स्ट टिकवणाऱ्या फोनवर दर वेळी एक जुनं टेक्स्चर मेमरी अडवून पडून राहणार.

शेवटी पिक्समॅप टेक्स्चरही मॅनेज्ड करून टाकलं. त्यासाठी मूळ पिक्समॅप मेमरीत ठेवावा लागतो. २५६ बाय २५६, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे २५६ केबी. एवढ्यासाठी मी आधी कंजूषपणा करत होतो.

रात्री नवं बिल्ड पाठवलं. टेस्टरने मित्राकडून लागोपाठ पाच फोन करवून घेतले. नकाशा जागेवर होता.